दीडशे वर्षांचा ज्वालामुखी

महाराष्ट्रात ज्वालामुखी बघायला कुठे जायचं?

प्रश्न माझा नाही, आमच्या टीममधल्या एका भिडूचा आहे. हा बाबा सिअॅटलला ऑनसाईट होता. तिथे वीकेंडला माउंट रेनियर नॅशनल पार्कात जाऊन आला. बर्फाची टोपी घातलेला ज्वालामुखीचा डोंगर, खाली फुलांची कुरणं, नकाशे, पायवाटा, सगळं कसं आखीव. परत आल्यावर त्याला इथेही तसलंच काहीतरी हवं झालं. शोधता शोधता तो बुलढाणा जिल्ह्यापाशी येऊन थांबला आणि मला म्हणाला, "अरे, तुझ्या दुसरबीडपासून तासाभरावर ज्वालामुखी आहे की! लोणार. चला जाऊ."

लोणारला जायला माझी ना नाहीच. प्रश्न 'ज्वालामुखी' या शब्दाचा आहे. तो शब्द लोणारला कसा चिकटला, किती वर्षं चिकटून राहिला आणि शेवटी कसा सुटला, ही गोष्ट मला त्या तळ्याइतकीच भारी वाटते. सहलीचं प्लॅनिंग करताना तीच सांगायची आहे. हॉटेलचे रेट तुम्हाला कुठेही मिळतील.

आधी भिडूची निराशा करून टाकतो. माउंट रेनियरसारखा शंकूचा डोंगर महाराष्ट्रात नाही. गंमत म्हणजे इथला जवळजवळ प्रत्येक काळा दगड ज्वालामुखीचाच आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा वाहत राहिला आणि थरावर थर बसले. राजगड असो नाहीतर अजिंठा, सगळा त्याचाच संसार. पण तो लाव्हा भेगांतून आला, शिखरातून नाही, म्हणून टोकाला तोंड असलेला डोंगर आपल्याकडे नाही. भारतात जागा ज्वालामुखी बघायचा तर अंदमानातलं बॅरन बेट, आणि तेही बोटीतून लांबूनच.

आता या काळ्या दगडाच्या सपाट मुलखात एक गोल खड्डा आहे असं समजा. सुमारे १.८ किलोमीटर व्यास, काठापासून तळापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास खोली, भोवती आजूबाजूच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर उंच कडं, आणि आत हिरवट खारं पाणी. उलटा डोंगरच म्हणा ना. तुम्ही भूगर्भशास्त्रज्ञ आहात, साल १८२३ आहे आणि तुम्ही काठावर उभे आहात. काय म्हणाल?

त्या वर्षी अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या खड्ड्याची नोंद केली. अर्थात लोणार तेव्हा 'सापडलं' वगैरे काही नाही. आमच्याकडच्या लोकांना ते कायमच माहीत होतं. अकबराच्या काळातल्या ऐन-इ-अकबरीत मेहकरच्या भागातल्या लोणारचा उल्लेख आहे. तिथल्या डोंगरात काच आणि साबण करायला लागणारं सामान मिळतं, त्यातून सरकारला चांगलं उत्पन्न होतं आणि तिथे खाऱ्या पाण्याचा झरा आहे, असं अबुल फजल लिहितो. म्हणजे दिल्ली-आग्र्याला लोणार ठाऊक होतं ते महसुलाच्या वहीतून! तळ्यातला खार काढणं हा इथला जुना धंदा.

अलेक्झांडरनंतर जे जे जाणकार आले, त्यांनी ज्वालामुखी म्हटलं. १८४० मध्ये माल्कमसनने तेच म्हटलं. १८७९ मध्ये भारताच्या भूगर्भशास्त्रावरचा मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांचा मोठा ग्रंथ आला, त्यातही तेच. १९१२ मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे ला टूश आणि क्रिस्टी यांनी तळ्याचा तब्येतीने अभ्यास केला, पाण्याचं रसायनही तपासलं, पण खड्ड्याचं कारण त्यांनीही जमिनीच्या पोटातच शोधलं.

ही माणसं बिनडोक होती असं समजू नका. उलट त्यांना एक अडचण चांगली दिसत होती. काठावर ताजा लाव्हा नाही, राख नाही, आणि दख्खनचा लाव्हा तर कधीचाच गार झालेला. मग एवढा स्फोट कसला? त्यावर उत्तर निघालं की लाव्हा न येता नुसती वाफ किंवा वायू कोंडून फुटले असतील. प्रोग्राम चालत नाही, लॉगमध्ये काही सापडत नाही, तेव्हा आपण 'नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल' म्हणतो ना, तशातलं हे उत्तर. चुकीचं आहे असं सिद्ध करता येत नाही, म्हणून टिकतं.

इथे गोष्ट अमेरिकेत जाते. अॅरिझोनाच्या वाळवंटात असाच एक गोल खड्डा आहे, सव्वा किलोमीटरच्या आसपास व्यासाचा. आज त्याला मीटिऑर क्रेटर म्हणतात, तेव्हा कून ब्यूट म्हणत. आसपास लोखंडी उल्कांचे तुकडे पडलेले. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा तिथल्या सरकारी भूगर्भ खात्याचा मोठा माणूस १८९१ मध्ये तिथे गेला. त्याच्यासमोर दोन शक्यता होत्या. वरून काहीतरी पडलं, किंवा खालून वाफ फुटली. त्याने दोन चाचण्या ठरवल्या. एक, मोठी लोखंडी उल्का पुरली गेली असेल तर होकायंत्र हलायला हवं. दोन, उल्केने आत जागा अडवली असेल तर कड्यावर पडलेला माल खड्ड्याच्या रिकाम्या जागेपेक्षा जास्त भरायला हवा. दोन्ही नीट मोजलं. होकायंत्र हललं नाही. माल आणि खड्डा जवळजवळ बरोबरीचे निघाले. गिल्बर्टने प्रामाणिकपणे निकाल दिला, वाफेचा स्फोट. १८९६ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रसिद्ध निबंधात, गृहीतकं कशी तपासावीत हे शिकवताना, आपल्या लोणारचाही दाखला आहे. ही दोन्ही एकाच जातीची आहेत हे त्याने बरोबर ओळखलं. जात तेवढी चुकली. आणि गंमत बघा, चंद्रावरचे खड्डे आघाताने झालेत असं त्या काळात ठामपणे मांडणारा माणूस हाच!

चाचण्या चांगल्या होत्या, गृहीत चुकलं. पडलेली वस्तू खड्ड्यात शिल्लक राहते, हे त्याने धरून चाललं होतं. थोडं गणित करू, बारावीचंच आहे. समजा अवकाशातून येणारा दगड सेकंदाला २० किलोमीटर वेगाने आला. एका किलोमागे गतिज ऊर्जा येते २० कोटी ज्यूल. एक किलो टीएनटी फुटलं तर मिळतात सुमारे ४२ लाख ज्यूल. म्हणजे हा दगड आपल्या वजनाच्या पंचेचाळीस-पन्नासपट टीएनटी घेऊन येतो. तो जमिनीत खिळ्यासारखा रुतत नाही, फुटतो. बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन उडून जातो. खड्डा दगडापेक्षा कितीतरी मोठा होतो आणि आत पुरलेलं असं फारसं काही उरतच नाही. हे कळायला वेळ लागला. अॅरिझोनात डॅनियल बॅरिंजरने १९०३ पासून त्या पुरलेल्या लोखंडासाठी खाण खणली, त्यात पाण्यासारखा पैसा गेला. शेवटी १९२९ मध्ये मोल्टन नावाच्या गणितज्ञाने हिशेब मांडून सांगितलं की उल्का फारच छोटी असणार. खड्डा उल्केचाच, हे बॅरिंजरचं म्हणणं खरं होतं. खाण मात्र रिकामी.

पुढची पायरी अणुबॉम्बने दिली. नेवाडातल्या चाचण्यांमुळे जे खड्डे पडले, ते युजीन शूमेकरने अॅरिझोनाच्या खड्ड्याशी ताडून पाहिले. काठाचे थर तसेच उचललेले आणि पुस्तकाचं पान उलटावं तसे बाहेर पालथे पडलेले. मग १९६० मध्ये चाओ, शूमेकर आणि मॅडसन यांना तिथे कोएसाइट सापडलं. हे गारेचं, म्हणजे क्वार्ट्झचं, प्रचंड दाबाखाली तयार होणारं रूप. ज्वालामुखीच्या तोंडाशी एवढा दाब येत नाही. खटला संपला.

मग तीच चाचणी लोणारला लावायची की! इथेच खरी गोम होती आणि मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात आवडतो तो हाच भाग. अॅरिझोनात वालुकाश्म आहे, गारेने भरलेला. लोणारला आहे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण, आणि त्याच्या घडणीत क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच. टेस्ट केसच चालत नाही. लोखंडी तुकडेही कुठे सापडलेले नाहीत. १९६४ मध्ये लाफाँड आणि डिट्झ यांनी लोणार उल्केचं असावं का, असा निबंध लिहिला तो प्रश्नचिन्हासकट.

उत्तर एका वेगळ्या खनिजातून आलं. १८६५ साली बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला एक उल्का पडली होती. तिच्यात एक काचेसारखा पदार्थ मिळाला, त्याला मॅस्केलिनाइट नाव पडलं. बेसॉल्टमध्ये भरपूर असणारं फेल्डस्पार काही लाख वातावरणांच्या धक्क्यात सापडलं की त्याची आतली रचना मोडते. न वितळता, स्फटिकाचा बाहेरचा आकार तसाच ठेवून, त्याची काच होते. ज्वालामुखी दगड वितळवू शकतो, पण असा धक्का देऊ शकत नाही. (ती शेरघाटीची उल्का मंगळावरून आली होती हे आता माहीत आहे. पण ते परत कधीतरी.)

चंद्रावरून १९६९ मध्ये दगड आले तेव्हा लोणारचा भाव एकदम वाढला. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे बेसॉल्टच. बेसॉल्टमध्ये आघात झाला की काय होतं हे पृथ्वीवर ताजं, सुस्थितीत बघायचं तर लोणारसारखी जागा दुसरी नाही. स्मिथसोनियनचे कर्ट फ्रेडरिक्सन, जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे दुबे आणि बालसुंदरम, आणि अमेरिकेचे मिल्टन यांनी काम हाती घेतलं. तळ्याच्या तळाशी भोकं पाडली. गाळाचाच थर शंभर मीटरच्या घरात, त्याखाली चुरा झालेला पाषाण, आणि त्या चुऱ्यात मॅस्केलिनाइट. १९७३ मध्ये सायन्स या नियतकालिकात त्यांचा निबंध आला.

१८२३ ते १९७३. बरोबर दीडशे वर्षं. आणि निकाल लागून अर्धशतक उलटलं तरी आमच्या भिडूला नेटवर 'व्होल्कॅनिक क्रेटर' सापडतंच. चुकीच्या माहितीला कोणी पॅच मारत नाही हो.

आता सहलीचं. दुसरबीडहून बीबी, सुलतानपूर करत लोणार. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गही आता सिंदखेडराजा तालुक्यातूनच जातो, त्यामुळे पुण्या-मुंबईची मंडळी शुक्रवारी रात्री निघाली तर शनिवारी सकाळी पोचतात. १२ जानेवारी टाळा, नाहीतर मुद्दाम ठरवून या. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मदिवसाची जत्रा असते आणि रस्ते भरलेले असतात. लोणार नॅशनल पार्क नाही, वन्यजीव अभयारण्य आहे, साडेतीन-चार चौरस किलोमीटरचं. २०२० पासून ते रामसर स्थळही आहे. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि जगभर फोटो फिरले. ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर आणि काठावरची बारमाही धार बघाच. खाली कमळजा देवीपर्यंत उतरायचं असेल तर आधी वनखात्याला विचारा. गेल्या काही वर्षांत पाणी चढलंय, आणि मंदिरात पाणी शिरल्याच्या बातम्या होत्या. खाऱ्या तळ्यात गोडं पाणी वाढलं की खारटपणा उतरतो आणि त्यावर जगणारे ते सूक्ष्मजीवही जातात. मला याची काळजी ज्वालामुखी-उल्का वादापेक्षा जास्त वाटते.

आणि उतरताना घाई नको. काठाजवळ कापलेल्या ठिकाणी थरांकडे बघा. एरवी आपल्याकडे लाव्हाचे थर शिस्तीत आडवे असतात. इथे ते खड्ड्यापासून बाहेरच्या बाजूला कललेले दिसतील.

एक वाद गावाकडे हमखास निघतो. लवणासुर जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूने सुंदर तरुणाचं रूप घेऊन पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, ही इथली कथा. झाकण लांब पडून टेकडी झाली, रक्ताचं पाणी, मांसाचा खार. यावर कोणीतरी म्हणतंच, "बघा, आपल्या पूर्वजांनी उल्का पडताना पाहिली होती!" काचेच्या तुकड्यांवरून आधी वय निघालं होतं ५२ हजार वर्षांच्या आसपास. तेवढं धरलं तर निदान बघायला माणूस तरी होता. पण २०११ मध्ये आर्गॉनच्या पद्धतीने वय आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. मला ही दुसरी पद्धत जास्त पटते, कारण ती वितळलेल्या खडकाचंच घड्याळ वाचते. तसं असेल तर आठवण ठेवायला आपल्यासारखा माणूसच तेव्हा पृथ्वीवर नव्हता.

म्हणून कथेची किंमत कमी होते असं मला वाटत नाही. मोठा खड्डा, उडालेलं झाकण, खारं पाणी. काठावर उभं राहून जेवढं दिसतं त्या सगळ्याचा हिशेब तिने लावलाय. फक्त तिने स्फोट आतून न धरता, वरून आलेल्या कुणीतरी झाकण उडवलं असं धरलं.