फुलांची चक्रे आणि दोरीचा विटा

आजचा विषय नातवाने दिला. तो ‘फायनल फँटसी फोर्टीन’ नावाचा जपानी ऑनलाइन खेळ खेळतो. त्यात २०१९ साली एक नर्तक योद्धा आला, तो दोन्ही हातांनी चक्रे फेकतो. नातवाने दाखवलेल्या जोडीला चक्क पाकळ्या होत्या. फूल गरगरत जाते, शत्रूला लागते आणि पुन्हा हातात हजर. “आजोबा, खरंच असं होतं का?”

चक्र होते. पाकळ्या नव्हत्या. आणि परत येण्याचे म्हणाल, तर आज त्याविषयीच बोलू.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज हिंदुस्थानात होता. दिल्लीच्या राज्यातल्या लढवय्यांची चक्रे त्याने लिहून ठेवली आहेत. पोलादी कडे, दोन बोटे रुंद, बाहेरून सुरीसारखी धार, आतून बोथट. माणूस डाव्या हातात अशी सात-आठ चढवी, एकेक उजव्या हाताच्या बोटावर फिरवी आणि सोडून देई. पुढे पंजाबातल्या निहंगांनी ती उंच पगडीवर मिरवली. आपल्या शीख रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही चक्र आहे आणि त्यात सिंह.

हे कडे इतके साधे का? मधला भाग पोकळ, वजन सगळे कडेला, म्हणून फिरकी टिकते आणि पातळ कडे हवा कापत सरळ जाते. धार अखंड, कुठूनही लागले तरी कापणार. पाकळ्या लावल्या की हवा अडते. कारागिराचे कष्ट वाढतात ते वेगळेच.

मग फूल आले कुठून? आमच्या रायपूरहून पंचेचाळीसेक किलोमीटरवर राजिम आहे, महानदीच्या संगमावर. तिथला देव राजीवलोचन, म्हणजे कमळासारख्या डोळ्यांचा विष्णू. चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. फूल आणि फेकायचे हत्यार एकाच देवाच्या हातात! आपल्या शिल्पकारांनी कितीतरी मूर्तींत चक्राचे आरे पाकळ्यांसारखेच कोरले आहेत. जपानी चित्रकाराच्या मनात काय होते, ते तो जाणे. आपल्या डोळ्यांना मात्र ते फूल परके वाटत नाही.

सुदर्शन परत येते, कारण ते देवाचे. शिपायाचे येत नाही. बार्बोसाच्या माणसाजवळ सात-आठ होती, तेवढीच. शेवटचे सुटले की तलवार काढा. फौजेत ग्रेनेड मोजून मिळायचे, त्यामुळे ‘किती उरले?’ हा प्रश्न माझ्या चांगला अंगवळणी पडलेला आहे. नातवाला विचारले, तुझ्याकडे किती? म्हणाला, “दोनच, पण संपत नाहीत.”

मराठ्यांनी यावर आपला उपाय काढला होता, विटा. भाला तो, पण त्याला दोर बांधलेला आणि दोराचे दुसरे टोक मनगटाला. फेकायचा, ओढून घ्यायचा, पुन्हा फेकायचा. ‘विटेकरी’ किंवा ‘इटेकरी’ हा शब्द बखरींत भालाइतांपासून वेगळा येतो, कारण हे कसब वेगळे. हत्यार गमावले की नवे कुठून आणणार? मुलूख गरीब, मारा दूरचा. दिसायला विट्यात काही नाही. कुठल्या खेळात तो कोणी घेईल असे मला वाटत नाही, पण माझ्या मते आपल्या डोक्याची खरी कमाल त्या दोरात आहे.

परवा नातवाला दाखवायला गच्चीवर बांबूला सुती दोर बांधून फेकला. पहिल्या फेकीला हिसका असा बसला की मनगट काचले. दुसऱ्यांदा बांबू जास्वंदीच्या कुंडीत अडकला, ओढला तशी कुंडी आडवी झाली. नातू हसत होता. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, “आजोबा, घोडा पळत असताना भाला असा अडकला तर?”

मी मनगटाची गाठ बघितली. पक्की मारली होती. ती सोडून सरफाशाची बांधली, जी एका झटक्यात सुटते, आणि बांबू पुन्हा त्याच्या हातात दिला.