कोकणातील सागरी मासेमारी : ऐतिहासिक आढावा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील कोळी, गाबीत, खारवी, दालदी इ. समाजांचा परंपरागत व्यवसाय. उत्तर कोकणात डोल हे पिशवीच्या आकाराचे जाळे खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावतात. त्यात मुख्यत्वे बोंबील, जवळा, मांदेली ही मासळी मिळते. दक्षिण कोकणात रापण हे लांब जाळे अनेकजण मिळून किनाऱ्यावर ओढतात व मासळीचे वाटे करतात.

शिडाच्या होड्यांना खवळलेल्या समुद्रात जाणे अशक्य असल्याने पावसाळ्यात मासेमारी थांबे व नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होई. अनेक जातींचा प्रजननकाळ याच सुमारास येत असल्यामुळे मत्स्यसाठ्यास आपोआप संरक्षण मिळे. तथापि जुनी साधने सर्वस्वी निर्दोष होती, असे म्हणता येत नाही. डोलीच्या बारीक आसांत पापलेटची पिलेही सापडतात.

स्वातंत्र्योत्तर काळात यांत्रिक नौका व ट्रॉल जाळी आणि पुढे पर्ससीन जाळी आली. त्यामुळे उत्पादन वाढले. परंतु निसर्गाने घातलेली मर्यादा संपुष्टात आली. शिंगाळा माशाचा नर अंडी तोंडात उबवितो. अशा नरांचे थवे पर्ससीनमध्ये सापडले, की एका जाळ्यात दोन पिढ्या नष्ट होतात. गोव्यातील रापणकारांनी १९७० नंतरच्या दशकात यांत्रिक मासेमारीविरुद्ध आंदोलन केले. महाराष्ट्रात १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन अधिनियम संमत झाला व २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीस क्षेत्र व हंगाम यांची बंधने घालण्यात आली. पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे.

नियमनास विलंब झाल्यास काय घडते, याचे उदाहरण कॅनडाच्या न्यू फाउंडलंड किनाऱ्यावर आढळते. तेथील कॉड माशाचे उत्पादन १९६८ मध्ये सु. ८ लक्ष टनांपर्यंत गेले; १९९२ मध्ये ही मासेमारी बंद करावी लागली व सु. ३०,००० लोकांचा रोजगार गेला. साठा कित्येक दशकांनंतरही पूर्ववत झाला नाही.

२०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित झाला. मात्र केवळ मानाने मासा टिकत नाही. पूर्वी जी मर्यादा वाऱ्याने व लाटांनी पाळावयास लावली, ती आता माणसाने स्वतः घालून घेणे आवश्यक आहे. व तिचा भार लहान होडीवाल्यावरच न पडता मोठ्या नौकांवरही सारखाच पडला, तरच ती पाळली जाईल.