फ्रोझन व्हेज सँडविच : सकाळच्या नाश्त्यात नेमके काय मिळते?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता एकमेकांना भेटतात. सकाळी इथून अंबड-सातपूरच्या कंपन्यांकडे, नाशिकरोडच्या गाड्यांकडे आणि शाळा-कॉलेजांकडे जाणाऱ्यांची एकच घाई असते. या घाईत अनेकदा पहिला बळी जातो तो नाश्त्याचा. मग फ्रीझरमधले व्हेज सँडविच बाहेर येते, तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम होते आणि दहा मिनिटांत माणूस घराबाहेर पडतो. सोय निर्विवाद आहे. पण त्यातून शरीराला काय मिळते, हे पाकिटाच्या पुढच्या बाजूवरून कळत नाही. त्यासाठी पाकीट उलटे करून पाहावे लागते.

हिरवा ठिपका काय सांगतो?

हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका एवढेच सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे. त्यात भाज्या किती आहेत किंवा तो पौष्टिक आहे का, याच्याशी या खुणेचा संबंध नाही. मैद्याचा पाव, बटाटा आणि चीज एवढ्यावरही ती खूण मिळते.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. अमेरिका-युरोपात शाकाहारी ब्रेकफास्ट सँडविचमध्ये बरेचदा अंडे असते. भारतीय नियमांनुसार अंडे असलेल्या पदार्थावर मांसाहाराची खूण येते. म्हणजे आपल्याकडच्या व्हेज सँडविचमध्ये अंड्यातली प्रथिने नसतात. ती पनीर, चीज, सोया किंवा कडधान्यांतून यावी लागतात. त्यांची जागा बटाट्याने घेतली की प्रथिने लगेच घटतात.

गोठवल्याने सत्त्व निघून जाते का?

हा समज बराचसा चुकीचा आहे. गोठवल्याने प्रथिने, कर्बोदके, तंतू आणि खनिजे जवळपास तशीच राहतात. भाज्या गोठवण्याआधी थोडा वेळ उकळत्या पाण्यात किंवा वाफेत धरतात, तेव्हा क जीवनसत्त्वासारखी पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे काही प्रमाणात कमी होतात. त्यानंतरची घट मात्र फार सावकाश होते. म्हणून तोडणीनंतर लगेच गोठवलेला मटार हा चार दिवस टोपलीत पडून राहिलेल्या मटारापेक्षा कमी पौष्टिक असेलच असे नाही. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडी येथील सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची कंपनी फळे-भाज्यांवर प्रक्रिया करते, तिथेही गोठवणे हा माल टिकवण्याचाच एक मार्ग आहे.

थोडक्यात, गोठवणे हा दोष नाही. गोठवण्याआधी सँडविचमध्ये काय भरले, हा खरा प्रश्न आहे.

एका सँडविचचा अंदाजे हिशेब

ब्रँडनुसार आकडे बदलतात, म्हणून सर्वसाधारण घटक घेऊन १४० ग्रॅमच्या एका सँडविचचा हिशेब मांडू.

• पांढऱ्या ब्रेडचे दोन स्लाइस (६० ग्रॅम) : सुमारे १५५ किलोकॅलरी, ५ ग्रॅम प्रथिने, ३०० मिलिग्रॅम सोडियम
• बटाटा-भाजीचे सारण, एक चमचा तेलासह (६० ग्रॅम) : सुमारे ९५ किलोकॅलरी, दीड ग्रॅम प्रथिने, २०० मिलिग्रॅम सोडियम
• चीज स्लाइस (२० ग्रॅम) : सुमारे ६० किलोकॅलरी, ४ ग्रॅम प्रथिने, २५० मिलिग्रॅम सोडियम

एकूण सुमारे ३१० किलोकॅलरी, साडेदहा ग्रॅम प्रथिने आणि ७५० मिलिग्रॅम सोडियम.

आता हे दिवसभराच्या गरजेशी ताडून पाहू. पाकिटांवरची टक्केवारी २,००० किलोकॅलरी आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम धरून काढतात. म्हणजे हे सँडविच दिवसाची १५-१६ टक्के ऊर्जा देते, पण सोडियम मात्र ३७ टक्क्यांच्या पुढे जाते. दोन सँडविच खाल्ली तर दिवसाच्या सोडियमचा तीन चतुर्थांश वाटा सकाळीच संपतो, आणि त्यात सॉस धरलेला नाही.

सोडियमला अडीचने गुणले की मीठ कळते. ७५० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे जवळपास १.९ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, लहान मुलांनी त्याहून कमी. घरात रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले कोणी असेल, तर पाकिटावरचा हाच आकडा सगळ्यात आधी पाहावा.

पाकिटाची मागची बाजू कशी वाचावी?

१. घटकांची यादी : घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिले नाव मैद्याचे आणि भाज्या शेवटी असतील, तर आत काय भरले आहे ते उघड आहे. ब्रेडचा तपकिरी रंग पाहून फसू नये, तो कॅरॅमलचाही असू शकतो. यादीत गव्हाचे पीठ कितव्या क्रमांकावर आहे ते पाहावे.

२. ‘प्रति १०० ग्रॅम’चा सापळा : वरच्या सँडविचच्या तक्त्यात १०० ग्रॅमला सुमारे ५३५ मिलिग्रॅम सोडियम दिसेल. आकडा ठीक वाटतो, पण आपण १४० ग्रॅम खातो. म्हणून आधी वजन पाहावे.

३. प्रथिने : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलोच्या पुरुषाला रोज सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. सँडविचमध्ये किमान १० ग्रॅम असतील तर बरे. चीज नसलेल्या आलू सँडविचमध्ये ती साडेसहा ग्रॅमवर येतात. सारणात ४० ग्रॅम पनीर असेल, तर एकट्या पनीरमधून सुमारे ७ ग्रॅम मिळतात.

४. संतृप्त मेद : चीज आणि बटर दोन्ही असतील तर हा आकडा चढतो. दिवसभरासाठी २२ ग्रॅम हा पाकिटावरच्या टक्केवारीचा आधार आहे.

मिसळ आणि पोह्यांशी तुलना

नाशिककरांसमोर नाश्ता म्हटला की मिसळ आलीच. मोड आलेल्या मटकीमुळे मिसळीत प्रथिने आणि तंतू सँडविचपेक्षा सरस असतात. पण फरसाण, तर्री आणि दोन पाव मिळून उष्मांक सहज ५०० च्या पुढे जातात, आणि मीठही कमी नसते. रोजच्या नाश्त्यासाठी तीही आदर्श नाही. ६० ग्रॅम पोहे, दोन चमचे तेल आणि मूठभर शेंगदाणे यांतून साधारण ३८५ किलोकॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. आकडे सँडविचच्या जवळपासचेच आहेत, पण मीठ किती घालायचे ते आपल्या हातात असते. घरच्या खाण्याचा हा मोठा फायदा आहे.

साठवण आणि गरम करणे

फ्रोझन पदार्थ उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवायचे असतात. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते. वितळलेले सँडविच खोलीच्या तापमानाला राहिले की ती पुन्हा सुरू होते. म्हणून दुकानात पाकीट मऊ लागले किंवा आत बर्फाचे जाड खडे दिसले तर ते घेऊ नये, वितळून पुन्हा गोठल्याची ती खूण असू शकते. पाकीट फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवले तर ब्रेड लवकर शिळा होऊन चिवट लागतो. गरम करताना कडा नव्हे तर मधला भाग वाफाळेपर्यंत थांबावे.

मग खावे की नाही?

आठवड्यातून एखाद-दोनदा, गडबडीच्या सकाळी, जरूर. फक्त एकच घ्यावे, सॉस टाळावा आणि जोडीला पेरू, केळे किंवा नाशिकचीच द्राक्षे, शिवाय वाटीभर ताक किंवा मूठभर शेंगदाणे घ्यावेत. ताकात मीठ मात्र घालू नये. सँडविचमध्ये कमी पडणारे तंतू, जीवनसत्त्वे आणि प्रथिने त्यातून भरून निघतात. रविवारी घरीच मोड आलेले मूग किंवा पनीर भरून गव्हाच्या ब्रेडची चार सँडविच करून गोठवली, तर सोमवारी तीच दहा मिनिटे वाचतात आणि मीठही आपल्या मापाचे राहते.