नव्वदीला टेकलेली पिन

१९३४ साली अमेरिकेत आरसीए व्हिक्टरने ‘ड्युओ ज्युनियर’ नावाचा रेकॉर्ड प्लेअर बाजारात आणला. त्याला स्पीकर नव्हता, ॲम्प्लिफायरही नव्हता. तबकडी फिरवायची, सुईतून आलेला क्षीण संकेत घरातल्या रेडिओच्या हवाली करायचा, पुढचं रेडिओने बघायचं. मंदीचे दिवस होते, रेकॉर्डींचा धंदा पार बसला होता. रेडिओ मात्र घरोघरी पोचलेला. आवाज करणारं यंत्र घरात असताना दुसऱ्यांदा पैसे कोण मोजणार?

गाणं एका पेटीत आणि आवाज दुसऱ्या पेटीत, अशी विभागणी मग रुळत गेली. त्याच दशकात आरसीएने रेडिओ-ग्रामोफोनच्या कपाटात आतल्या आत जोडणी करायला एक साधी पिन काढली. मधोमध दांडी, भोवती धातूची कडी, बस्स. डेकच्या मागे आपण लाल-पांढरी पिन खुपसतो ती हीच. आपल्याकडच्या व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या पाठीवरही ग्रामोफोन जोडण्यासाठी वेगळी भोकं असत.

वायरीचा कंटाळासुद्धा तितकाच जुना आहे. १९४०च्या आसपास फिल्कोसारख्या कंपन्या असे रेकॉर्ड प्लेअर विकत, की जे गाणं चक्क मीडियम वेव्हवर सोडत. रेडिओचा काटा नेमक्या जागी आणला की दुसऱ्या खोलीतली रेकॉर्ड हॉलमध्ये ऐकू येई. ‘वायरलेस’चं कौतुक करताना हे आजोबा सहसा कुणाला आठवत नाहीत.

खरी पंचाईत झाली ती एमपीथ्री आल्यावर. १९९९ साली गाण्यांची देवाणघेवाण करणारं नॅपस्टर सुरू झालं आणि बघता बघता हजारो गाणी कॉम्प्युटरमध्ये साठली. पण कॉम्प्युटर अभ्यासाच्या टेबलावर, स्टिरिओ दिवाणखान्यात. कॅलिफोर्नियातल्या शॉन ॲडम्सच्या स्लिम डिव्हाइसेस या छोट्या कंपनीने २००१ मध्ये ‘स्लिमपीथ्री’ काढून यावर उतारा शोधला. या यंत्रात ना हार्डडिस्क, ना पंखा. गाणी कॉम्प्युटरमध्येच राहायची. हे यंत्र नेटवर्कच्या वायरीवरून ती मागवायचं आणि मागच्या लाल-पांढऱ्या भोकांतून स्टिरिओला द्यायचं. २००३ मध्ये त्याचा भाऊ ‘स्क्वीझबॉक्स’ आला आणि नेटवर्कची वायरही गेली. सीडीचं संगीत सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट घेतं. तेव्हाच्या वाय-फायची कागदावरची क्षमता ११ मेगाबिट. हिशेब बसत होता. पण मध्ये जाड भिंत आली, किंवा त्याच २.४ गिगाहर्ट्झवर काम करणारा मायक्रोवेव्ह कुणी सुरू केला, की कागद आणि घर यांतला फरक कळायचा.

कॉम्प्युटरवरचा सर्व्हर प्रोग्रॅम ॲडम्सच्या मंडळींनी खुला ठेवला होता. कुणीही उघडावा, बदलावा. तेव्हा ही हौशी लोकांची उदारता वाटली असेल. तिचं मोल पुढे कळलं.

ॲपलचा स्वभाव उलटा. जून २००४ मध्ये आलेला ‘एअरपोर्ट एक्स्प्रेस’ लॅपटॉपच्या चार्जरएवढा, भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट बसणारा. त्याचं साडेतीन मिलिमीटरचं भोक दुहेरी होतं: साधी पिन घातली तर तांब्यातून आवाज, ऑप्टिकल केबल घातली तर प्रकाशातून. दुसरं टोक ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ला लावायचं. ‘फोनो’ला लावलं तर फजिती, कारण तो मार्ग रेकॉर्डच्या सुईसाठी राखलेला. तो संकेत कित्येक पटींनी वाढवतो आणि रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज पुन्हा उचलतो. आधीच सशक्त असलेला आवाज तिथे घुसवला की नुसता घोगरा कल्लोळ.

पण एअरपोर्टकडे गाणी पाठवायची ती आयट्यून्समधूनच, कारण प्रवाहाला कुलूप होतं. नॉर्वेच्या यॉन लेक योहान्सेनने दोनच महिन्यांत त्याची सार्वजनिक किल्ली प्रसिद्ध केली. आता दुसऱ्या प्रोग्रॅममधूनही गाणं पाठवता येऊ लागलं. गाणं स्वीकारायला लागणारी खासगी किल्ली मात्र यंत्राच्या पोटात होती. २०११ मध्ये जेम्स लेअर्ड या प्रोग्रॅमरने एअरपोर्टची चिकटवलेली पेटी फोडली, चिपमधून ती किल्ली काढली आणि ‘शेअरपोर्ट’ नावाने जगाला देऊन टाकली. पेटी फोडताना हाताला झालेल्या जखमांचे वण अजून आहेत, असंही त्याने नमूद करून ठेवलं. त्यानंतर कुठलाही छोटा कॉम्प्युटर एअरपोर्ट बनू शकत होता.

सोनॉस या कंपनीने २००५ मध्ये नेटवर्कवरून गाणी वाजवणारं यंत्र ॲम्प्लिफायरसकट विकायला घेतलं. पण आपला जुना स्टिरिओ सोडायला तयार नसलेल्या गिऱ्हाइकांसाठी पुढच्याच वर्षी नुसती पिनांची, बिनॲम्प्लिफायरची आवृत्ती काढावी लागली.

सर्वांत स्वस्त होता गूगलचा ‘क्रोमकास्ट ऑडिओ’. २०१५ मध्ये ३५ डॉलरला मिळणारी ही चकती पुढच्या वर्षी भारतातही आली. जानेवारी २०१९ मध्ये गूगलने ती बंद केली आणि फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात सुरू झालं! मार्च २०२५ मध्ये तर जगभरातल्या या चकत्या एकाएकी मुक्या झाल्या. यंत्र धडधाकट, वायर शाबूत. ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत तेवढी संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. १९३४च्या ड्युओ ज्युनियरच्या मालकाला असला आजार समजावून सांगणं अवघड गेलं असतं.

स्क्वीझबॉक्सचंही कंपनीच्या बाजूने बरं झालं नाही. लॉजिटेकने २००६ मध्ये स्लिम डिव्हाइसेस दोन कोटी डॉलरला घेतली, २०१२ मध्ये ही मालिका गुंडाळली आणि २०२४ मध्ये तिची ऑनलाइन सेवाही थांबवली. खुला ठेवलेला प्रोग्रॅम मात्र वापरणाऱ्यांनी चालू ठेवला. आता त्याचं नाव ‘लिरियन’ आहे, आणि त्याच्या जोडीने रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटरही स्क्वीझबॉक्सचं काम करू शकतो.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर याहून सोपा मार्ग मिळतो. ब्लूटूथचा छोटा बोर्ड घ्यायचा, जुन्या डेकचं झाकण उघडायचं आणि त्याच्या तीन वायरी – डावी, उजवी, अर्थ – ऑक्सच्या टोकांना डाग देऊन जोडायच्या. ब्लूटूथ आवाज थोडा दाबून पाठवतं, त्यावर चोखंदळ कान नाक मुरडतात. पण या बोर्डाला ना कुठल्या कंपनीचा सर्व्हर लागतो, ना प्रमाणपत्र.