राखून ठेवलेला डाव

आमचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. केळणेच्या काठी उत्खनन झालं, सातवाहन काळाच्या खुणा सापडल्या, तेव्हापासून गावाचं नाव अभ्यासकांच्या पुस्तकांत गेलं. पण मी आज ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे, तो खोदून निघत नाही. तो लाल मातीत असतो आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर जातो. हा इतिहास आहे पहिलवानाचा वस्ताद होण्याचा.

जालना जिल्हा झाला 1981 साली. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. त्या काळात वडील मला खांद्यावर बसवून जत्रेतल्या कुस्त्या दाखवायला नेत. पोरांची रेवड्यांवरची कुस्ती सकाळी, नारळावरची दुपारी, आणि ऊन उतरलं की मोठ्या इनामाची. हलगी कडाडली की माझ्या पोटात गोळा येई. आमच्या भागातल्या एका तालमीत एक पहिलवान होता. त्याचं नाव सांगत नाही. पाच-सहा वर्षं त्यानं आसपासच्या जत्रा गाजवल्या. मग गुडघा गेला. लोक म्हणाले, आता पोरांना शिकव. तो हौदाजवळ आलाच नाही. वडिलांनी एकदा विचारलं तर म्हणाला, "तात्या, दुसऱ्याला शड्डू ठोकताना बघवत नाही." चार वर्षांत ती तालीम बंद पडली. हौदात सरपण रचलं गेलं. वडील मात्र त्या वाटेनं जाताना उंबऱ्याला हात लावून नमस्कार करत.

लहानपणी मला त्या पहिलवानाचा राग येई. आता येत नाही. खेळाडूचं सगळं आयुष्य स्वतःच्या शरीराकडं बघण्यात जातं. किती जोर, किती बैठका, खुराकाला दूध-तूप किती, आज दम कुठं तुटला. तिशी-पस्तिशीत एक दिवस त्याला सांगतात, आता हे सगळं विसर आणि दुसऱ्याच्या शरीराकडं बघ. हे सोपं नाही. म्हणूनच ज्यांना ते जमलं, त्यांची आठवण ठेवायला हवी.

मराठवाड्याला असा एक माणूस मिळाला. हरिश्चंद्र बिराजदार. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. 1969 साली ते महाराष्ट्र केसरी झाले. 1970 साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पुढं रुस्तुम-ए-हिंद हा किताबही त्यांना मिळाला. 1977 साली बेळगावात दिल्लीच्या सतपालशी झालेली त्यांची कुस्ती जुने शौकीन आजही डोळे मिटून सांगतात. बिराजदारांनी ती जिंकली.

पण माझ्या मते त्या कुस्तीचा खरा निकाल लागायला तीस-चाळीस वर्षं गेली. कारण दोघेही पुढं वस्ताद झाले. सतपालनी दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये पोरं घडवली. त्यांच्या सुशीलकुमारनं 2008 साली बीजिंगला ऑलिंपिकचं कांस्य आणि 2012 साली लंडनला रौप्य मिळवलं. इकडं बिराजदार पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत उभे राहिले. पोरं त्यांना मामा म्हणत. लातूरकडचा काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाला आणि 1998 सालच्या अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे लहान वयातच मामांकडं आला.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. मामा खुल्या गटात लढलेले भारी अंगाचे पहिलवान. काका पवार नावाजला तो ग्रीको-रोमन प्रकारात, जिथं कमरेखाली हात लावायचा नाही, पायाला पाय लावायचा नाही. म्हणजे पट काढणं, टांग मारणं हे मातीतलं निम्मं धन तिथं वर्ज्य. राहुल लढला तो 57 किलोंच्या गटात, जिथं वजनापेक्षा चपळाई मोठी. दोघांपैकी एकही गुरूची नक्कल नव्हता. आपल्याला जे जमत होतं तेच शिष्याकडून करून घ्यायचं, हा मोह मोठ्या खेळाडूला हमखास होतो. मामांनी तो आवरला.

याची दुसरी बाजूही आहे. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, पण शिवाजी पार्कवर त्यांनी सचिन तेंडुलकर घडवला. खाशाबा जाधवांना घडवणारे गोविंद पुरंदरे यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? खाशाबांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं. म्हणजे मोठा खेळाडू असणं ही गुरू होण्याची अट नाही, आणि हमी तर नाहीच.

14 सप्टेंबर 2011 रोजी बिराजदार मामा गेले. आमच्याकडची तालीम वस्तादाविना बंद पडली, तसं इथं झालं नाही. राहुलला पुढं काका पवारांनी हाताखाली घेतलं. शिष्य आता वस्ताद झाला होता. 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलनं सुवर्ण जिंकलं आणि ते मामांना अर्पण केलं. गुरूच्या एडिंबरोतल्या सुवर्णाला तेव्हा 48 वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत त्यानं कांस्य मिळवलं. आणि जानेवारी 2020 मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीला हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले, तेव्हा दोघेही काका पवारांच्याच तालमीतले होते. हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. टीव्हीवर ते बघताना मला वडिलांचा खांदा आठवला.

आपल्याकडं म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. शिष्य उलटला तर असावा म्हणून. लहानपणी मला हे फार शहाणपणाचं वाटायचं. आता वाटतं, जो डाव राखून ठेवला तो वस्तादाबरोबर मातीत जातो. आमच्या भागातल्या त्या पहिलवानानं सगळेच डाव राखून ठेवले. मामांनी दिले, म्हणून ते अजून खेळले जातात.

मंडळी, तुमच्या गावात एखादा जुना पहिलवान, कबड्डीपटू, खो-खोपटू पारावर बसलेला असेल. त्याच्या जुन्या गोष्टी जरूर ऐका. पण उठताना एखादं पोरगं त्याच्यापुढं उभं करा आणि म्हणा, "वस्ताद, याला जरा बघता का?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)