स्त्री–मुंज्या–थामा चित्रपटमालेविषयी चाहत्यांचे तर्क

'स्त्री', 'भेडिया', 'मुंज्या', 'स्त्री २' आणि 'थामा' या हिंदी भयविनोदी चित्रपटांतील पात्रे कोण आहेत, त्यांचा एकमेकांशी संबंध काय आणि पुढे त्यांचे काय होणार, याविषयी प्रेक्षकांनी मांडलेल्या अनुमानांना 'फॅन थिअरी' अथवा चाहत्यांचे तर्क असे म्हटले जाते. या मालेतील 'मुंज्या' हा चित्रपट मराठी लोकसमजुतीवर आधारलेला आहे. तो आणि रक्तपिपासू 'बेतालां'ची कथा सांगणारा 'थामा' हे दोन्ही चित्रपट आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाचे आहेत. त्यामुळे या तर्कांचा एक धागा महाराष्ट्रातील भूतकथांच्या परंपरेशी जोडलेला आहे.

कथेत दिसलेल्या, परंतु स्पष्टीकरण न मिळालेल्या तपशिलांची संगती लावून काढलेले अनुमान, एवढाच येथे 'तर्क' या शब्दाचा अर्थ अपेक्षित आहे. भुताखेतांच्या कथेत अशा अनुमानाला विशेष वाव असतो. भूत कोठे राहते, कोणाला दिसते, कशाला भिते आणि कशाने शांत होते, याचे नियम ठरलेले असतात. नियम कळला की अपवाद डोळ्यांत भरतो, आणि अपवाद दिसला की प्रेक्षक विचार करू लागतो.

चित्रपटमाला

अमर कौशिक दिग्दर्शित 'स्त्री' ३१ ऑगस्ट २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्यांचाच 'भेडिया' २५ नोव्हेंबर २०२२ रोजी आला. २०२४ मध्ये 'मुंज्या' (७ जून) आणि 'स्त्री २' (१५ ऑगस्ट) हे दोन चित्रपट लागोपाठ आले. 'थामा' २१ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत प्रदर्शित झाला. सर्वांची निर्मिती मॅडॉक फिल्म्सची आहे. सरपोतदार हे मूकपटकाळातील दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांच्या घराण्यातील असून त्यांनी याआधी 'क्लासमेट्स', 'फास्टर फेणे', 'झोंबिवली' इत्यादी मराठी चित्रपट दिग्दर्शित केले आहेत.

अनाम नायिकेचा प्रश्न

या मालेतील सर्वांत गाजलेला तर्क 'स्त्री'मधील अनाम नायिकेविषयी आहे. श्रद्धा कपूर यांनी साकारलेली ही तरुणी चंदेरी गावात पूजेच्या दिवसांतच येते, मांजरीचे केस आणि पालीची शेपटी अशा विचित्र वस्तू मागते आणि स्वतःचे नाव सांगत नाही. चित्रपटाच्या अखेरीस ती स्त्रीची कापलेली वेणी आपल्या वेणीला जोडते आणि धावत्या बसमधून नाहीशी होते. एवढ्या सामग्रीवर प्रेक्षकांनी सहा वर्षे वाद घातला. ती चेटकीण आहे, ती स्वतःच स्त्री आहे, ती स्त्रीचा सूड घेण्यासाठी आलेली कोणी आहे, ती तिची मुलगी आहे, असे अनेक पक्ष होते. 'स्त्री २'मध्ये ती स्त्रीची मुलगी असल्याचे उघड झाले, म्हणजे एका पक्षाचा तर्क खरा ठरला. नाव मात्र त्याही चित्रपटात प्रेक्षकांना कळत नाही. हे मौन लेखकांनी जाणूनबुजून राखलेले दिसते, कारण उत्तर मिळाले की खेळ संपतो.

मुंज्या : लोकसमजूत आणि पडदा

मराठीत 'मुंजा' किंवा 'मुंज्या' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मुंज झालेला बटू हा पहिला अर्थ. मुंजा जेवू घालण्याच्या प्रथेत तोच अभिप्रेत आहे. मुंज झाल्यावर, परंतु सोडमुंज व विवाह होण्यापूर्वी मरण पावलेल्या ब्राह्मण मुलाचे भूत हा दुसरा अर्थ. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही हा शब्द नोंदवलेला आहे. मुंज्याचे वास्तव्य पिंपळावर मानले जाते. पुणे जिल्ह्यात, पार बारामती-इंदापूरपर्यंत, पिंपळाच्या पारावर शेंदूर फासलेला 'मुंजाबा' आढळतो. पुणे शहरातील 'मुंजाबाचा बोळ' हे नावही याच समजुतीची आठवण देते. लोककथांतील मुंज्या छळवादी आणि खोडकर असला तरी खवीस किंवा हडळ यांच्याइतका घातक मानला जात नाही.

चित्रपटाची कथा कोकणात १९५२ साली सुरू होते. गोट्या नावाच्या मुलाचे वयाने मोठ्या असलेल्या मुन्नीवर प्रेम असते. तिच्या प्राप्तीसाठी तो झाडाखाली नरबळीचा अघोरी विधी करू पाहतो आणि त्यात स्वतःच मरतो. पुढच्या काळात त्याचे भूत पुण्यात राहणाऱ्या बिट्टू या आपल्या कुळातील तरुणाच्या मागे लागते आणि 'लगीन' लावून देण्याचा हट्ट धरते. हा हट्ट लेखकांनी हवेतून आणलेला नाही. ज्याचे लग्न राहून गेले तोच मुंज्या होतो, ही व्याख्याच येथे कथानक बनली आहे. मुंज्या म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या मराठी प्रेक्षकाला त्याची मागणी चित्रपट सुरू होण्यापूर्वीच ओळखता येते. इतरांना ती हळूहळू कळते.

मुंज्या फक्त स्वतःच्या कुळातील माणसाला दिसतो, हा चित्रपटातील महत्त्वाचा नियम होय. मुंज्याचा आणि मालेतील इतर पात्रांचा सामना व्हायचा असेल तर तो त्यांना दिसणार कसा, हा प्रश्न या नियमातूनच उद्भवतो. चित्रपटात मुंज्याला 'ब्रह्मराक्षस' असेही म्हटले आहे. येथे मात्र दोन वेगळ्या कल्पनांची सरमिसळ झाली आहे. परंपरेत ब्रह्मराक्षस हा विद्येचा दुरुपयोग केलेल्या विद्वान ब्राह्मणाचा प्रेतात्मा असतो. कोवळ्या वयात गेलेला बटू त्या पदाला पोहोचत नाही. ब्रह्मराक्षसाच्या शक्ती मुंज्याला चिकटवून पुढील भागांविषयी केलेली अनुमाने म्हणूनच लोकसाहित्याच्या दृष्टीने कच्ची ठरतात. चित्रपटाच्या दृष्टीने ती खरी ठरू शकतात, ही गोष्ट वेगळी.

नरबळी हा केवळ कथेतला विषय नाही, याचीही नोंद घ्यावी लागते. महाराष्ट्रात नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेली मारहाण त्या कायद्याने गुन्हा आहे. भुताच्या नियमांवर रंगणारी चर्चा आणि त्या नियमांवरील श्रद्धा या दोन बाबी निराळ्या आहेत, आणि विनोदी बाज त्यांच्यातील अंतर राखायला मदत करतो.

वेताळ आणि रक्तपिपासू

माणसाचे रक्त पिऊन जगणारा अमर पुरुष ही कल्पना मूळची युरोपीय आहे. मराठी वेताळ हा भुतांचा राजा आणि गावाचा राखणदार. गोव्यात त्याची देवळे आहेत, पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. 'वेताळ पंचविशी'तला वेताळ तर प्रेतात शिरून राजाला कूटप्रश्न घालतो; रक्ताशी त्याला फारसे कर्तव्य नाही. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये या कथांच्या इंग्रजी रूपांतराला नाव देताना वेताळासाठी 'व्हॅम्पायर' हा शब्द योजला आणि दोन कल्पना एकमेकींच्या जवळ आल्या. मराठीत नारायण धारप यांनी स्टीफन किंग यांच्या कादंबरीवर बेतलेल्या 'लुचाई'त रक्तपिपासू मराठी वातावरणात आणला.

'थामा'तील बेताल हे या संकराचेच अपत्य आहेत. ते रक्तावर जगतात, पण माणसाचे रक्त त्यांनी वर्ज्य केले आहे. चित्रपटाच्या नावावरून अश्वत्थाम्याशी संबंध जोडणारा तर्क प्रदर्शनापूर्वीच पुढे आला होता. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात अस्तंबा शिखरावर दिवाळीत अश्वत्थाम्याची यात्रा भरते. चित्रपटही दिवाळीत यावा हा केवळ योगायोग. त्यावर तर्क उभारू नये.

विनोद आणि रक्तपिपासू यांचा मेळ घालणारी परदेशी मालिका म्हणजे 'व्हॉट वुई डू इन द शॅडोज'. २०१४ च्या न्यूझीलंडमधील चित्रपटावरून निघालेली ही अमेरिकी मालिका २०१९ ते २०२४ या काळात सहा पर्वांत प्रसारित झाली. एका घरात राहणारे रक्तपिपासू आणि त्यांचा मानवी नोकर गिएर्मो यांची ती कथा आहे. ज्याला रक्तपिपासू व्हायचे आहे तोच व्हॅन हेल्सिंग या रक्तपिपासूंच्या वैऱ्याचा वंशज निघतो. वंश उघड होताच आधीच्या साध्या प्रसंगांना दुसरा अर्थ येतो. चंदेरीच्या अनाम नायिकेचेही नेमके हेच झाले.

सूचक दृश्ये आणि घोषणा

मराठी दूरचित्रवाणीवर असा खेळ 'रात्रीस खेळ चाले' (२०१६) या मालिकेने घडवला होता. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेल्या त्या मालिकेतील नाईकांच्या वाड्यात जे घडते त्यामागे भूत आहे की घरातलेच कोणी, यावर घरोघरी पैजा लागत. तेथे प्रेक्षकाला रोजच्या भागातून स्वतः धागे शोधावे लागत. स्त्री–मुंज्या मालेत मात्र श्रेयनामावलीच्या आगेमागे मुद्दाम सूचक दृश्ये ठेवलेली असतात. 'मुंज्या'च्या अखेरीस 'भेडिया'चा नायक डोकावतो तो असाच. जानेवारी २०२५ मध्ये निर्मात्यांनी २०२८ पर्यंतच्या आठ चित्रपटांची यादीच तारखांसह जाहीर केली. प्रेक्षकाने शोधलेला दुवा आणि निर्मात्याने पेरलेला दुवा यांतील फरक त्यामुळे पुसट झाला आहे, आणि अनेक 'तर्क' प्रत्यक्षात जाहिरातीचाच विस्तार ठरतात. त्या यादीत 'महामुंज्या' या चित्रपटासाठी २४ डिसेंबर २०२७ ही तारीख दिलेली होती.