फूटपाथची मोजदाद

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांनी जाहीर केले की, मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांना तिथून हटवून ज्याच्या त्याच्या मूळ गावी पाठवले जाईल. ऐन पावसाळा होता. अंतुले कोकणातल्या आंबेतचे, महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. त्यांनी सुरू केलेल्या संजय गांधी निराधार योजनेचे कौतुक आपण करतो, आणि ते रास्तच आहे. पण हा हुकूमही त्यांचाच होता, आणि तो आपल्या माणसाचा म्हणून गाळून इतिहास लिहिता येत नाही.

परदेशातून आलेल्या माणसाला परत पाठवायचे तर सरकारकडे व्हिसा असतो, सरहद्द असते. देशातल्या देशात तसे काही नाही. घटनेच्या कलम १९ प्रमाणे भारताचा नागरिक देशात कुठेही राहू शकतो. त्यामुळे इथे बाहेरून आलेल्यांविषयीचे धोरण त्या नावाने कधी येत नाही. ते अतिक्रमण हटाव म्हणून येते, नाहीतर पात्रतेची तारीख म्हणून. १९८१ साली ते एसटीच्या बसमध्ये बसून आले.

पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर काही जण कोर्टात गेले. त्या खटल्यातले अर्जदार कोण होते ते वाचण्यासारखे आहे. एक जण तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर, दुष्काळामुळे काम सुटले म्हणून १९६१ साली मुंबईत आलेला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत त्याला दिवसाला २३ रुपये मिळत. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या कडेला प्लास्टिक आणि ताडपत्रीच्या आडोशासाठी त्याने झोपडपट्टीच्या दादाला अडीच हजार रुपये मोजले होते. दुसरा चांभारकाम करणारा, संगमनेरचा. गावातले घर पडले म्हणून १९६९ साली आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फूटपाथवरच्या जागेसाठी त्याने एका गुंडाला ३०० रुपये दिले होते.

संगमनेर! म्हणजे ज्याला परत गावी पाठवायचे तो अहमदनगर जिल्ह्यातला मराठी माणूस. फूटपाथ म्हटला की परप्रांतीय, ही समजूत त्या याचिकेच्या पहिल्या काही पानांतच मोडते. आणि फुकट कोणीच राहत नव्हते. पैसे सरकारला मिळत नव्हते, एवढेच.

याचिकेतली तक्रार अशी की, कोर्टात तात्पुरती तडजोड झाल्यावरही २३ जुलैला लोकांना एसटीच्या बसमध्ये कोंबून मुंबईबाहेर काढले, वाटेत दोन मुले जन्मली आणि दोन मेली. सरकारने प्रतिज्ञापत्रात हे नाकारले. आम्ही कोणालाच हद्दपार केले नाही, ज्यांनी गावी जाण्याची लेखी इच्छा दाखवली त्यांना गाडीची सोय, तिकिटाचे आणि वाटखर्चाचे पैसे दिले, असे सरकारचे म्हणणे. ताडपत्रीखाली राहणारा मजूर भर पावसात सरकारकडे लेखी अर्ज घेऊन जातो, हे चित्र मला तरी डोळ्यांसमोर आणता येत नाही.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क आहे, हे तत्त्व त्यातले. ते पाठ्यपुस्तकांत गेले. पण त्याच निकालाने महापालिकेला झोपड्या हटवण्याची मुभाही दिली. अट एवढी की पावसाळा संपू द्यावा, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबावे. ज्यांच्याकडे १९७६ च्या झोपडपट्टी गणनेची ओळखपत्रे होती, त्यांना पर्यायी जागा मिळणार होती. फूटपाथवाल्यांपैकी बहुतेकांची त्या गणनेत नोंदच नव्हती. ज्याला मोजले नाही, त्याला जागा नाही.

यापुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच कोणी शिकवत नाही. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली 'स्पार्क' ही संस्था काढली होती. भायखळा-नागपाडा भागातल्या डिमटिमकर रोड, सोफिया झुबेर रोड अशा रस्त्यांवरच्या बायकांबरोबर त्यांचे काम चाले. त्यांत मुसलमान बायका पुष्कळ होत्या. निकालानंतर कारवाई येणार हे दिसत होते, तेव्हा ठरले की आपणच आपली मोजणी करायची. सुमारे सहा हजार कुटुंबांची माहिती गोळा झाली. कुठून आलात, कधी आलात, काय काम करता, झोपडी किती वेळा तुटली. १९८५ सालीच तो अहवाल 'वुई, द इनव्हिजिबल' या नावाने छापला गेला. आम्ही न दिसणारे. निघाले काय, तर ही भिकाऱ्यांची वस्ती नव्हती. कामाच्या ठिकाणी पायी जाता यावे म्हणून तिथे राहणारे ते कष्टकरी होते.

सर्वेक्षणे सरकारही करते. १९७६ साली सरकारने झोपड्या मोजल्या आणि त्याच वर्षी मेमध्ये अणुशक्ती केंद्राजवळची जनता कॉलनी पाडून लोकांना चीता कॅम्पला नेले. त्या लढ्यातून पुढे आलेले जॉकिन अर्पुथम आणि त्यांचे नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन नंतर स्पार्कबरोबर आले. मोजणीने घर जाऊ शकते, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून मोजणीचा कागद आपल्या हातात हवा, हा त्यांचा आग्रह. १९८६ साली याच बायकांची 'महिला मिलन' उभी राहिली. रोजची थोडी बचत आणि रेशनकार्डासाठी खेटे, अशी तिची सुरुवात. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फूटपाथवासीयांचाही समावेश झाला. मानखुर्दला मिलन नगर उभे राहायला मात्र जवळपास दोन दशके गेली.

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात असेच काही घडले. तिथे मेक्सिको आणि आसपासच्या देशांतून आलेल्या, कागदपत्रे नसलेल्या कामगारांना बँकेत खाते उघडता येत नसे, म्हणून मजुरी खिशात ठेवून फिरणाऱ्यांना लुटारू गाठत. लॅटिनो संघटनांनी लोकांच्या अडचणी नोंदवून नगरपालिकेपुढे मांडल्या आणि २००७ साली शहराने प्रत्येक रहिवाशासाठी ओळखपत्र काढले. देशाचा व्हिसा शहर देऊ शकत नव्हते. तू इथे राहतोस, एवढे लिहून देऊ शकत होते.

आमच्या वसईकडे वळू. पात्रतेची तारीख मुंबईत १९९५, मग २०००, मग २०११ अशी सरकत गेली. तारखेत न बसलेले, भाडे न परवडणारे आणि ९२-९३ च्या दंगलीनंतर जुनी वस्ती सोडलेले, असे कितीतरी लोक लोकलच्या रुळांबरोबर उत्तरेला सरकत नालासोपारा, विरार, वसईला आले. २००९ साली नवघर-माणिकपूरसह चार नगरपालिकांची एक महापालिका झाली. तोवर इथल्या वाड्यांचे इमारतींत रूपांतर होऊन गेले होते. मूळच्या वाडवळ, सामवेदी आणि कोळी लोकांना वाटणारी धास्ती मला खोटी वाटत नाही. पाणी त्यांच्याच विहिरींचे टँकरने गेले.

मे २०२० मध्ये सनसिटीच्या मैदानात गावी जाणाऱ्या मजुरांची रीघ लागली. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराने प्रत्येक कामगाराची नोंद ठेवायची होती, त्याला पासबुक द्यायचे होते. त्या नोंदी असत्या तर कोणाला कोणत्या गाडीत बसवायचे हे आधी ठरले असते. वसई रोडहून गोरखपूरला निघालेली एक श्रमिक गाडी तर ओडिशातल्या राउरकेलाला पोहोचली.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मस्थळाचा एक रकाना असतो: गाव, तालुका, जिल्हा, राज्य. माणिकपुरातल्या माणसाचे मूळ गाव आणि आजचा पत्ता एकत्र सापडेल अशी दुसरी वही माझ्या माहितीत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, म्हणून आईवडील सांगतील ते आम्ही लिहून घेतो. आझमगढ, सिद्धार्थनगर, मालवण, जव्हार. यंदा एका आईने राज्याच्या पुढे महाराष्ट्र लिहायला सांगितले. मुलगा इथेच, नालासोपाऱ्यात झालेला. मी तसेच लिहिले.